सावळघाट, कोटंबी आणि मध्येच बंद पडणारी जीप

नाशिकहून पेठला जायला दीड तास पुरतो. आम्हाला चार तास लागले. आम्ही म्हणजे मी, माझी नणंद मंगल आणि सरांची जीप.

सर म्हणजे माझे यजमान. पेठच्या पुढे आत एका पाड्यावर आश्रमशाळा आहे. तिथे ते गणित शिकवत आणि मी पहिली-दुसरीचे वर्ग घेत असे. लग्नाआधी मी त्यांना सर म्हणायचे, लग्नानंतरही तेच तोंडी राहिलं. लग्नानंतरची सात वर्षं आम्ही त्या पाड्यावर काढली. तिथेच त्यांनी सरकारी लिलावातून ही डिझेल जीप घेतली होती. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी इंदिरानगरला आलो, तेव्हा सामानाचा टेम्पो पुढे आणि आम्ही जीपमधून मागे, असे आलो होतो.

गेल्या वर्षी सर गेले. जीप दारात उभी होती. इगतपुरीकडच्या एका हॉटेलवाल्याला ती फाटकापाशी शोभेला ठेवायला हवी होती आणि रविवारी तो ती न्यायला येणार होता. त्याआधी एकदा तिच्यातून पेठला जाऊन यावं असं मला फार वाटलं. मुलगी बंगळूरहून फोनवर म्हणाली, "आई, ती वाटेत बंद पडते, माहितीये ना तुला?"

माहीत होतंच. शेवटची तीन वर्षं त्या बंद पडण्यानं सरांचा पिच्छा पुरवला होता. शहरात गाडी उत्तम चाले. लांब निघालं की तीस-चाळीस किलोमीटरवर आचके द्यायची आणि गप्प व्हायची. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. गॅरेजात नेली की एकदाही बंद पडायची नाही. मिस्त्री बदलले, फिल्टर बदलले, डिझेलचे रबरी पाइप बदलले, टाकी खाली उतरवून धुतली, पंप उघडून पुन्हा बसवला. दर वेळी पंधरा दिवस आशा, मग पुन्हा तेच.

मंगल मखमलाबादला राहते. सासरची फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंती. मी सहज फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "वहिनी, मी येऊ का?"

सर घरचा मळा सोडून पेठला गेले आणि तिथेच माझ्याशी लग्न केलं, याचा राग सासऱ्यांनी जन्मभर धरला. मंगलनं वडिलांची बाजू घेतली होती. नाशिकला आल्यावर जाणंयेणं सुरू झालं, पण ते सणावारापुरतं. पेठ हा शब्द तिच्यासमोर कुणी काढत नसे.

"ये की," मी म्हटलं.

शुक्रवार, सावळघाट

सकाळी सातला तिला मखमलाबादहून घेतलं. तिच्या हातात डबा, थर्मास आणि शेवंतीची एक करंडी. करंडी कशाला, मी विचारलं नाही.

नोव्हेंबर होता. रामशेजचा किल्ला मागे पडेपर्यंत द्राक्षबागा सोबत करतात, मग त्या विरळ होतात आणि भात लागतो. कापलेल्या भाताच्या पेंढ्या खाचरात आडव्या पडलेल्या, मध्येच एखाद्या उतारावर उशिरा पेरलेली खुरासणी पिवळीधमक. मला ही वाट डोळे मिटून येते. मंगल मात्र पासष्टाव्या वर्षी हा रस्ता पहिल्यांदा बघत होती. तिच्या घरापासून तो पाच मिनिटांवर आहे.

सावळघाट चढताना गाडीनं पहिला आचका दिला. मग दुसरा. मी गिअर खाली घेतला, पण इंजिनातला जीव निघून गेल्याचं पायाला कळलं. कशीबशी कडेला घेतली.

"झालं?" मंगल म्हणाली.

"झालं."

समोरच्या कप्प्यात सरांची वही असते. गाडी बंद पडली की ते त्यात नोंद करत. तारीख, जागा, किती किलोमीटर चालली, ऊन किती, किती वेळानं सुरू झाली. गणिताच्या मास्तरांनी गाडीच्या दुखण्याचंही गणित मांडलं होतं. मंगलनं ती वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'त्र्यंबक रस्ता. कडक ऊन. इंजिन तापल्यामुळे?' वहिनी, पुढे बघा. 'इगतपुरी. मुसळधार पाऊस. गाडी थंड, तरी बंद. म्हणजे उष्णता नाही.' आणि ते 'नाही' दोनदा अधोरेखित केलंय." ती थांबली. "अक्षर शाळेतल्यासारखंच आहे हो दादाचं."

गुजरातेकडे निघालेला एक ट्रकवाला थांबला. त्यानं बॉनेट उघडून डिझेलचा छोटा हातपंप दहा-बारा वेळा दाबला, कान लावला आणि निकाल दिला, "फिल्टर चोक आहे ताई. बदलून टाका." फिल्टर नवा होता. मी त्याला तसं सांगितलं नाही, मंगलच्या डब्यातली मेथीची धपाटी दिली. त्यानं ती उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हणाला, "घरची आठवण आली." अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली. त्याला वाटलं, त्याच्या हातगुणानं. आम्हीही तसंच वाटू दिलं.

कोटंबीचा घाट

करंजाळीला चहा घेतला आणि निघालो. या वेळी गाडीनं तीस किलोमीटरही वाट पाहिली नाही. कोटंबीच्या घाटात, नेमक्या चढाच्या वळणावर तिनं मान टाकली.

मागे सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला ट्रक होता. मी ब्रेकवर सगळा भार देऊन बसले, हँडब्रेक ओढला, तरी जीप इंचाइंचानं मागे सरकत होती. ट्रकचा हॉर्न थेट पाठीत घुसत होता. मला काही सुचेना. इतक्या वर्षांत असा प्रसंग आला की शेजारी सर असत.

मंगल केव्हा उतरली ते मला कळलंच नाही. आरशात पाहिलं तर ती पदर खोचून, रस्त्याकडेचा भलामोठा दगड दोन्ही हातांनी ढकलत चाकाकडे आणत होती. दगड चाकाखाली बसला, गाडी थांबली. मग ती ट्रकसमोर उभी राहून ड्रायव्हरवर ओरडली, "हॉर्न काय वाजवतोस? दिसत नाही का, गाडी बंद पडलीय! बाजूनं काढ!"

ट्रक गुमान बाजूनं गेला. मंगल परत येऊन बसली तेव्हा तिच्या उजव्या हाताचं एक नख मुळापर्यंत उलटलं होतं. मी माझा रुमाल बांधला.

"आत्ता तुला काही झालं असतं तर?" मी म्हटलं.

"मळ्यात बैलगाडी अशीच अडवायचो आम्ही. मी आणि दादा." तिनं रुमालाची गाठ दातानं घट्ट केली. "तो दगड आणायचा, मी बैल धरायची. आज दगडही मलाच आणावा लागला."

त्या वळणावर आम्ही तासभर बसलो.

पाडा

पेठ गावातून आत वळलं की डांबर लवकरच संपतं आणि धुरळा सुरू होतो. निदान आमच्या वेळी असं होतं. आता पाड्यापर्यंत चांगला रस्ता झालाय आणि शाळेला पत्र्याऐवजी स्लॅब आहे. आमची खोली होती तिथे आता धान्याचं कोठार आहे. मी दारातून आत पाहिलं. ज्या कोनाड्यात माझा आरसा असायचा, तिथे उंदीर पकडायचा पिंजरा ठेवलेला होता.

सोनीबाई आणि तिचा नवरा देवराम अजून तिथेच राहतात. सोनीबाई आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. देवराम विहिरीवरचं डिझेल इंजिन आणि भाताची गिरणी चालवायचा. दोघंही आता सत्तरीला आलेली. अंगणात भात झोडणं चाललं होतं. जीपचा आवाज ऐकून देवराम हातातली पेंढी तशीच धरून फाटकापर्यंत आला. गाडीकडे पाहून हसला, मग चालवणाऱ्याच्या जागेवर मला पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं.

"गुरुजी?"

मी सांगितलं. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीही कळवलं नव्हतं. त्या दिवसांत माझ्या हातून कितीतरी गोष्टी राहून गेल्या.

सोनीबाईनं आधी पाणी दिलं, मग कोरा चहा. नाशिकला पाहुण्याला बिनदुधाचा चहा दिला तर तो मनात अढी धरेल. इथे दूध नसतंच आणि त्याबद्दल कुणी ओशाळत नाही. गूळ घातलेला तो काळा चहा मी सात वर्षं प्यायले होते. पहिल्या घोटालाच माझे डोळे भरले. मंगलला वाटलं भाजलं.

"सर दर दिवाळीत म्हणायचे, यंदा जाऊ," मी सोनीबाईला सांगितलं. "पण गाडी अशी वाटेत बंद पडायची. म्हणायचे, एकदा गाडी धड होऊ दे, मग जाऊ. तीन वर्षं तेच."

सोनीबाई चुलीपुढे बसली होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"मंग यष्टीनं का नाय आले?"

पेठला एस.टी. रोज येते. नाशिकहून सकाळपासून संध्याकाळपर्यंत येते. मला आणि सरांना, दोघांनाही हे माहीत होतं, आणि तीन वर्षांत एकदाही आमच्या मनात आलं नव्हतं. पेठला जायचं म्हणजे जीपनं, देवरामपुढे ती उभी करून, असंच सरांच्या डोक्यात बसलं होतं.

मंगल उठून बाहेर गेली. मला वाटलं नख ठणकत असेल. थोड्या वेळानं पाहिलं तर ती शाळेच्या ओट्यावर शेवंतीची करंडी मांडीत घेऊन बसली होती. मग तिनं ती फुलं मूठ मूठ करून तिथल्या मुलींना वाटून टाकली.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची घट्ट आमटी आणि खुरासणीची चटणी होती. मंगलनं भाकरी उलटसुलट करून पाहिली, एक घास घेतला आणि मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. सोनीबाई तिला म्हणाली, "तुजा भाऊ चार खायचा." मंगल म्हणाली, "घरी तर बाजरीची एक खायलासुद्धा कुरकुरायचा." दोघी हसल्या. त्या दोघींना मी पहिल्यांदाच एकत्र पाहत होते.

शनिवार, देवरामचा इलाज

रात्री आम्ही देवरामला सरांच्या वहीबद्दल सांगितलं होतं. सकाळी तो जीपभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "वही वाचा."

मंगलनं पहिल्या पानापासून वाचली. देवरामला वाचता येत नाही, पण ऐकताना तो मध्येच थांबवायचा. "ते परत सांगा." कुठलीशी नोंद अशी होती: 'नाशिकहून निघालो, घोटीला पंपावर डिझेल भरलं, पुढे कसारा उतरेपर्यंत छान.' आणखी एक तशीच. पंपावर डिझेल भरलं की पुढे गाडी छान.

"काल कुठं कुठं बंद पडली?"

मी सांगितलं. सावळघाटात, आणि मग तिथून निम्म्या अंतरावरच कोटंबीत.

"दुसऱ्या येळेला लौकर पडली. आन् मधी डिझेल नाय भरलं."

"नाही."

तो चालवणाऱ्याच्या बाजूला आला. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि तिचं झाकण बाहेरून दिसतं. देवरामनं त्या झाकणावर बोट ठेवलं. चकचकीत, किल्लीचं झाकण.

"हे कवा बसवलं?"

मी आठवायला लागले. इंदिरानगरला आमच्या गल्लीत एकदा रात्रीतून डिझेल चोरीला गेलं होतं. सर चिडले, दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन कुलपाचं झाकण घेऊन आले. जुनं, साखळीचं झाकण फेकून दिलं. कधी बरं? तीन वर्षं. नाही, जरा जास्तच झाली असतील.

"जुन्या झाकणाला बारीक भोक व्हतं," देवराम म्हणाला. "डिझेल जातं तशी वरून हवा आत याया पायजे. नाय तर टाकी आतून वढून धरती, डिझेल सोडीत नाय. इंजिन उपाशी मरतं. थांबलं का कुठून तरी हळूहळू हवा शिरती, मंग परत चालू. पन पुरती नाय शिरत, म्हनून दुसऱ्यांदा लौकर."

"पण गॅरेजवाल्यांना कसं नाही कळलं?"

"ते आधी झाकणच काढीत असतील, डिझेल हाय का बघाया. काढलं का रोग गेला."

मी म्हटलं, खात्री कशी करायची? देवरामलाही नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. आम्ही झाकण घट्ट लावलं आणि तो माझ्या शेजारी बसला. पाड्याच्या रस्त्यावर खाली ओढ्यापर्यंत आणि वर शाळेपर्यंत, अशा फेऱ्या सुरू केल्या. भात झोडणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या आणि आम्ही पुन्हा परत आलो की हसायच्या. पाऊण तास झाला तरी गाडी बंद पडेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं बंद पडू नये म्हणून धावा केला आणि आता बंद पड, बंद पड, असं म्हणत होते.

ओढ्याच्या चढावर तिनं आचका दिला. मग गप्प.

देवराम खाली उतरला. "किल्ली," म्हणाला. झाकण अर्धं फिरवलं आणि आतून आवाज आला, सूऽऽस. लांब, मोठा. मला सीटवर बसून स्पष्ट ऐकू आला. त्यानं बॉनेट उघडून हातपंप चार वेळा दाबला.

"मारा."

मी स्टार्टर दिला. गाडी त्याच क्षणी सुरू झाली. अर्धा तास नाही, पाच मिनिटं नाही.

मग झाकणाऐवजी टाकीच्या तोंडावर फडकं बांधून आम्ही दुप्पट फेऱ्या मारल्या. एकदाही बंद पडली नाही. देवरामनं गिरणीतलं हातानं फिरवायचं ड्रिल आणलं, झाकणाला बारीक भोक पाडलं आणि कीस झटकून ते मला परत दिलं. एवढाच इलाज.

"गुरुजींनी समदं लिवलं," तो म्हणाला. "ऊन लिवलं, पाऊस लिवला. झाकण कवा उघडलं तेवढं नाय लिवलं." मग त्यानं मडगार्डवर हात ठेवला. "मला एक फोन लावाया पायजे व्हता त्यांनी. मी यष्टीनं आलो असतो."

मी शाळेच्या ओट्यावर जाऊन हॉटेलवाल्याला फोन केला आणि गाडी द्यायची नाही असं सांगितलं. तो म्हणाला, "पण मॅडम, ती तर चालत नाही ना?" मी म्हटलं, "चालते."

परत

निघताना सोनीबाईनं नागलीचं पीठ आणि वालाच्या शेंगा बांधून दिल्या. कोटंबी, करंजाळी, सावळघाट, कुठेही गाडीनं कुरकुर केली नाही. इतकी छान चालली की मला तिच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं कारणच उरलं नाही, आणि मग दुसरंच सगळं मनात यायला लागलं.

"दादाला हे कळलं असतं ना," सावळघाट उतरल्यावर मंगल म्हणाली, "तर स्वतःवरच असा भडकला असता! ते झाकण भिरकावून दिलं असतं. लहानपणी पतंग कापला गेला तर मांजा तोडून टाकायचा."

"छे. हसले असते. आधी देवरामला टाळी दिली असती, मग वर्गात जाऊन मुलांना सांगितलं असतं, बघा रे, तुमच्या सरांचं उत्तर कसं चुकलं."

"दादा? स्वतःची चूक सांगणार? वर्गात?"

"दर आठवड्याला सांगायचे. फळ्यावर गणित चुकलं की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, कोण पकडतं मला? पहिल्या वर्षी तसे नव्हते. तेव्हा चिडायचे. मुलं घाबरून शाळा सोडून जंगलात पळाली एकदा. चार दिवस आली नाहीत. हे त्यांच्या घरोघर गेले आणि माफी मागितली. त्यानंतर मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नाही."

द्राक्षबागा सुरू झाल्या होत्या.

"मग तो दादा मला भेटलाच नाही, वहिनी," ती म्हणाली. "मी भांडत बसले ते दुसऱ्याच कुणाशी तरी."

मी गाडी चालवत राहिले.

मखमलाबादला तिच्या दारात पोहोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. तिच्या घरचे झेंडू तोडून क्रेट भरत होते. मी इंजिन बंद केलं नाही, तिला सोडून निघायचंच होतं. मंगल उतरली, पीठ आणि शेंगा घेतल्या, चार पावलं गेली आणि परत आली.

"तुम्हाला घरी लवकर जायचंय का?"

"घरी कोण आहे माझी वाट बघायला?"

"मग बंद करा ती." मी उतरले तशी तिनं ओट्यावरची खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः पायरीवर बसली. रुमाल बांधलेला हात मांडीवर ठेवला.

"तो पेठला गेला त्या दिवसापासून सांगा," ती म्हणाली. "काही गाळू नका."